गच्चीवर पॉलिकार्बोनेटचे छत बसवण्याआधी

नागपुरातल्या आमच्या गच्चीवर तीन वर्षांपूर्वी पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे उजेड आत येऊ देणाऱ्या टणक प्लास्टिकच्या शीटचे, छत बसवले तेव्हा पाइप, रंग, उतार असे सारे नीट पाहिले होते. शीट उन्हात किती वाढते, याचा विचार मात्र झालाच नव्हता. पुढच्याच उन्हाळ्यात दोन स्क्रूंच्या मधली शीट फुगून वर आली, ऊन उतरले की रोज संध्याकाळी कट्कट् वाजू लागली, आणि थंडीत शिडीवर चढून पाहिले तर बहुतेक भोकांभोवती केसासारख्या बारीक चिरा गेलेल्या होत्या. आता ते छत उतरवून नवे बसवायचे आहे.

चौकट ठरवताना नुसते वजन पाहू नये. ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश वजनाचे असते, पण त्याचा ताठपणाही तेवढाच कमी असतो. त्याच मापाचा पाइप त्याच भाराखाली जवळजवळ तिप्पट वाकतो. म्हणून लोखंडी चौकोनी पाइपच घ्यावा आणि त्याची उघडी तोंडे बंद करून घ्यावीत. घासकाम, रेड ऑक्साइड, रंग हे नेहमीचेच. मात्र शीट वर चढण्याआधी रंग पूर्ण वाळलेला हवा, कारण थिनर लागल्याने पॉलिकार्बोनेटला चिरा पडतात. शीट जिथे टेकते ती पाइपची बाजू पांढरी रंगवावी. काळा पाइप तापतो आणि तेवढ्या पट्ट्यात शीट लवकर खराब होते.

आता मुख्य गोष्ट, आणि ही फॅब्रिकेटरला, म्हणजे चौकट बनवून छत बसवणाऱ्या कारागिराला, काम सुरू होण्याआधी कागदावर लिहून द्यावी. पॉलिकार्बोनेट तापल्यावर लोखंडाच्या पाचपटीहून अधिक वाढते. नागपुरात थंडीच्या पहाटेचे 10 अंश आणि मे महिन्यातल्या दुपारी शीटचे 60 अंश, असा 50 अंशांचा फरक धरला तर 3 मीटरची शीट जवळजवळ 10 मिमी वाढते. तिच्याखालचा पाइप 2 मिमीसुद्धा वाढत नाही. हा 8 मिमीचा फरक कुठेतरी सामावला पाहिजे. आम्ही 6 मिमीच्या स्क्रूला 6 मिमीचेच भोक पाडले होते, त्यामुळे सगळा ताण भोकांच्या कडांवर आला. या वेळी मधल्या ओळीची भोके नेमक्या मापाची राहतील, म्हणजे शीट मधून दोन्हीकडे वाढेल, आणि बाकीची सगळी 12 मिमीची पाडली जातील, म्हणजे स्क्रूच्या दोन्ही बाजूंना 3 मिमी जागा मिळेल. कारागीर म्हणेल की एवढ्या मोठ्या भोकातून पाणी गळेल. गळणार नाही, कारण भोक पुरते झाकणारा रुंद ईपीडीएम रबराचा वॉशर वर बसतो. पीव्हीसीचा वॉशर मात्र चालवून घेऊ नये. त्यातले मऊपणा आणणारे द्रव्य पॉलिकार्बोनेटला खाते. स्क्रू वॉशर जेमतेम दबेल इतकाच आवळावा. करकचून आवळला तर शीट सरकणार नाही, आणि मग मोठ्या भोकाचा काही उपयोग उरणार नाही.

भोके कडक उन्हात पाडू नयेत आणि थंडीच्या पहाटेही नकोत. शीट मध्यम तापमानाला असतानाच मापे घ्यावीत, नाहीतर सोडलेली जागा एकाच बाजूला संपते. शीट रुंदीतही वाढते, 1.2 मीटरला सुमारे 4 मिमी, हे विसरू नये. जोडपट्टीत शीट तळापर्यंत ठोकून बसवू देऊ नये. भिंतीकडच्या टोकालाही मोकळी जागा सोडावी. तिथे सिमेंट भरायला निघालेल्या माणसाला थांबवावे, मग त्याला कितीही वर्षांचा अनुभव असो.

शीट पोकळ पन्हळींची असेल तर पन्हळी उताराच्या दिशेने ठेवाव्यात, वरचे तोंड ॲल्युमिनियमच्या टेपने बंद करावे, खालचे हवा जाऊ देणाऱ्या टेपने. अतिनील किरणांपासून वाचवणारा थर एकाच बाजूला असेल तर ती बाजू वर. छापील आवरण काढण्याआधी खूण करून ठेवावी. सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचेच आणावे, व्हिनेगरसारखा वास येणारे नको. धुताना साबणपाणी पुरे.

शिडी काढण्याआधी मधल्या ओळीचे स्क्रू तेवढ्यापुरते काढून आणि बाकीचे थोडे सैल करून प्रत्येक शीट हाताने थोडी पुढेमागे सरकते का ते पाहावे. सरकत नसेल तर कारागिराला तिथेच थांबवून मधली ओळ सोडून बाकीची भोके मोठी करून घ्यावीत.