स्प्रिंग आणि तार किती ताणली जाते, हे अचूक कसे मोजावे

वजन दुप्पट केले की वाढही दुप्पट होते, हा रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम. वाचायला सोपा आहे, पण मोजायला बसल्यावर आकडे जुळत नाहीत. बहुतेक वेळा चूक एकच असते: एकच वजन टांगायचे, एकदाच वाढ मोजायची आणि भागाकार करून मोकळे व्हायचे. वजन चढवताना आणि उतरवताना, दोन्ही वेळा वाचने घेतली आणि ती आलेखावर मांडली, तरच उत्तरावर भरवसा ठेवता येतो.

स्प्रिंगपासून सुरुवात

साहित्य: पोलादी ताण-स्प्रिंग, भक्कम स्टँड, मिलिमीटरची पट्टी, ५० ग्रॅमची पाच-सहा वजने आणि हलके पारडे. खालील आकडे ०.६ मिमी जाडीच्या तारेच्या, १० मिमी व्यासाच्या, ४० वेढ्यांच्या स्प्रिंगसाठी आहेत.

१. स्प्रिंग टांगा. खालच्या टोकाला टाचणी आडवी चिकटवा, हा दर्शक. पट्टी त्याच्या अगदी जवळ, पण त्याला न घासता, उभी बसवा.

२. डोळा टाचणीच्या पातळीत आणून वाचन घ्या. वरून किंवा खालून पाहिले तर एक-दोन मिलिमीटरचा फरक सहज पडतो.

३. वजने एकेक करून, धक्का न देता ठेवा. हेलकावे थांबू द्या, मग वाचा.

४. आता तीच वजने एकेक करून उतरवा आणि प्रत्येक टप्प्यावर पुन्हा वाचा. चढती आणि उतरती वाचने अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळली पाहिजेत.

समजा पारडे रिकामे असताना दर्शक २०.० सेंमीवर आहे. ५० ग्रॅमला तो २०.४, १०० ग्रॅमला २१.९, १५० ला २३.५, २०० ला २५.० आणि २५० ला २६.५ सेंमीवर आला. पहिल्या ५० ग्रॅमला जेमतेम ४ मिमी आणि पुढे दर वेळी सुमारे १५ मिमी, असे का? वेढे एकमेकांना चिकटून असलेल्या स्प्रिंगमध्ये गुंडाळतानाच थोडा ताण राहिलेला असतो. तो ओलांडेपर्यंत स्प्रिंग उघडतच नाही. म्हणून १०० ग्रॅमच्या बलाला (०.९८ न्यूटन) १.९ सेंमीने भागले तर स्थिरांक (स्प्रिंग एक मीटर वाढवायला लागणारे बल, म्हणजे तिचा कडकपणा) मीटरला ५२ न्यूटन येतो, आणि तो साफ चुकीचा आहे. १०० ते २५० ग्रॅम हा सरळ भाग घ्या: बलातला फरक १.४७ न्यूटन, लांबीतला ४.६ सेंमी, म्हणजे मीटरला ३२ न्यूटन. आलेखाची रेषा शून्यातून जायलाच हवी असा हट्ट धरू नका; तिचा चढ महत्त्वाचा.

पडताळणीही करून घ्या. २०० ग्रॅम टांगून दोनेक सेंटिमीटर खाली ओढा आणि सोडा. जास्त ओढले तर वर जाताना वेढे एकमेकांवर आपटतात आणि वेळ बिघडतो. मीटरला ३२ न्यूटन हे उत्तर बरोबर असेल तर २० आंदोलनांना सुमारे १० सेकंद लागायला हवेत. पारडे जड असेल तर त्याचे वस्तुमान आणि स्प्रिंगच्या वस्तुमानाचा एक तृतीयांश भाग हिशेबात धरा.

स्प्रिंग लांब होते तेव्हा तिची तार फारशी ताणली जात नाही. ती पिळली जाते. म्हणूनच तारेच्या जाडीचा परिणाम एवढा मोठा: इतर सगळे तेच ठेवून तार दुप्पट जाड केली तर स्प्रिंग १६ पट कडक होते. वेढ्यांचा व्यास दुप्पट केला तर कडकपणा आठव्या हिश्श्यावर येतो. आणि स्प्रिंग मधोमध कापली तर प्रत्येक अर्धा भाग मूळ स्प्रिंगच्या दुप्पट कडक असतो.

सरळ तार

इथे वाढ मिलिमीटरच्या अंशात मोजायची असते, त्यामुळे साधी पट्टी चालत नाही. कडक पोलादाची ०.३ मिमी जाडीची, २ मीटर लांबीची तार घेतली तर १ किलोला ती फक्त १.४ मिमी वाढते.

सुरुवातीलाच डोळ्यांवर चष्मा चढवा आणि वजनांखाली वाळूची पेटी ठेवा. तुटलेली तार चाबकासारखी उसळते.

एकाच आधारावरून सारख्या दोन तारा शेजारी-शेजारी टांगा. एकीवर कायम १ किलो राहील. तिला मुख्य पट्टी जोडा. दुसरीला व्हर्निअर पट्टी (मिलिमीटरचे अंश वाचणारी सरकती पट्टी) जोडा आणि वजने तिच्यावरच वाढवा. आधार थोडा वाकला तर दोन्ही तारा सोबत खाली येतात, आणि खोली तापली तर दोन्ही सारख्याच लांबतात. हा फरक किरकोळ नाही: २ मीटर पोलाद एका अंश सेल्सिअसला सुमारे ०.०२४ मिमी वाढते.

तारेला गाठ मारू नका. गाठ आवळत जाते आणि तेवढी वाढ तारेच्या नावावर जमा होते. टोके क्लॅम्पमध्ये घट्ट पकडा. दुसऱ्या तारेवरही आधी १ किलो टांगून तिचे बाक काढा, ते वाचन शून्य माना आणि पुढे अर्धा-अर्धा किलो करत एकूण ४ किलोपर्यंत जा. दर वेळी मिनिटभर थांबून वाचा.

सगळ्यात जास्त काळजी व्यासाची. स्क्रू गेजची (बारीक जाडी मोजायच्या उपकरणाची) शून्यांक त्रुटी, म्हणजे जबडे मिटलेले असताना ते शून्य दाखवते का, हे आधी पाहा, मग पाच-सहा ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी काटकोनातल्या दोन दिशांनी मोजा. व्यासाचा वर्ग घ्यावा लागतो, त्यामुळे ०.३ मिमीमध्ये ०.०१ मिमीची चूक अंतिम उत्तरात जवळजवळ ७ टक्के होऊन येते.

हिशेब असा: वाढवलेले बल आणि लांबी यांच्या गुणाकाराला छेदाचे क्षेत्रफळ आणि वाढ यांच्या गुणाकाराने भागा. ३ किलोला (२९.४ न्यूटन) ४.१६ मिमी वाढ मिळाली, तर यंगचा गुणांक (ताणाला पदार्थ किती विरोध करतो त्याचे माप) सुमारे २०० गिगापास्कल येतो. पोलादाचा तेवढाच असतो. उत्तर बरेच कमी आले तर आधी क्लॅम्पमधून तार सरकली का ते तपासा.

हीच वजने मऊ तांब्याच्या तारेवर टांगू नका. त्याच जाडीच्या तांब्याला १ किलोही जास्त होतो: तार लांबते आणि वजन काढल्यावर पूर्ववत होत नाही. तिच्यासाठी ५०-५० ग्रॅमने चढा आणि प्रत्येक टप्प्यानंतर वाढवलेले वजन काढून शून्य वाचन तपासा. ज्या वजनानंतर शून्य हलले, ते आणि त्यापुढची वाचने गुणांकाच्या हिशेबात घेऊ नका, आणि ती तार पुन्हा त्याच प्रयोगाला वापरू नका. ताणलेल्या तांब्याचा कडकपणा बदललेला असतो, जाडीही कमी झालेली असते.