सकाळच्या उन्हाची पेटी: खिडकीला जोडायचा घरगुती सौर हीटर

पुण्यातल्या थंडीची गंमत म्हणजे डिसेंबरात दुपारी स्वेटर काढून हातात घ्यावा लागतो आणि सकाळी साडेआठला घरात बसवत नाही. भिंती रात्रभर गार पडलेल्या असतात, त्या लवकर तापत नाहीत. आमचे अण्णा म्हणूनच माकडटोपी चढवून, पेपर घेऊन टेरेसवर खुर्ची टाकायचे. मागच्या वर्षी गुडघ्याने टेरेसचा उंबरा ओलांडणं अवघड केलं. तेव्हा टेरेसवरचं ऊन खोलीत आणायचं, एवढ्यापुरता हा खटाटोप सुरू झाला.

आधी खर्च न करता काय होतं ते पाहा. खिडकीच्या काचेतून ऊन थेट आत येत असेल, तर पडदे पूर्ण सारा आणि काच बंद ठेवा. काचेच्या आतल्या बाजूला काळा पत्रा टांगून फारसं पदरात पडत नाही, कारण ते ऊन तसंही आतच येणार होतं. फायदा होतो तो खिडकीखालच्या भिंतीवर आणि फरशीवर पडून वाया जाणारं ऊन पकडल्यावर. म्हणून पेटी बाहेर हवी.

तिची करामत साधी आहे. एक चपटी, तिरकी पेटी, मधे आडोसा घालून केलेले दोन कप्पे. खोलीतली गार हवा मागच्या कप्प्यातून खाली उतरते, तळाशी वळते, पुढच्या कप्प्यात उन्हाने तापते आणि हलकी होऊन वर, खोलीत शिरते. पंखा नको, वीज नको. रात्री पेटी गार पडली की आतली जड हवा तळाशीच बसून राहते, त्यामुळे खोलीतली ऊब उलटी बाहेर जात नाही. कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या एडवर्ड मोर्स या प्राणिशास्त्रज्ञाने १८८१ मध्ये काचेमागे काळी पाटी बसवून खोली तापवण्याचं पेटंट घेतलं होतं.

मोर्सची पाटी वाचूनच माझा पहिला प्रयोग फसला. ओट्याच्या कामातून उरलेला कडप्पा पेटीत बसवला, म्हटलं दगड ऊब धरून ठेवेल. धरून ठेवली, आणि दुपारी एकला सोडली. तोवर घरात पंखा लागला होता. आपल्याकडे ऊब हवी असते सकाळी दोन-तीन तास, म्हणून पेटीतली प्रत्येक वस्तू पातळ आणि हलकी हवी, पटकन तापणारी. बाकीचं सगळं माप या एका गोष्टीवरून ठरतं.

जागा

डिसेंबरात पुण्यात सूर्य पूर्वेला उगवत नाही, चांगला पंचवीसेक अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो. साडेनऊला तो जवळपास नेमका आग्नेयेला असतो, क्षितिजापासून २९ अंशांवर. वास्तुशास्त्रवाले अग्नी आग्नेयेला मांडतात; बाकीचं राहू द्या, इथे मात्र त्यांचं ऐकायचं. आग्नेय उत्तम, पूर्व किंवा दक्षिण चालेल. पश्चिमेच्या खिडकीला ही पेटी लावलीत तर नको असताना ऊब मिळेल, उत्तरेला काहीच मिळणार नाही.

खिडकी टेरेसवर, अंगणात किंवा गॅलरीत उघडणारी हवी, म्हणजे पेटी जमिनीवर टेकून उभी राहते. वरच्या मजल्याच्या ग्रिलबाहेर पेटी लटकवू नका. खाली माणसं चालत असतात.

सामान

आपल्या खिडकीचा कट्टा साधारण ३ फुटांवर असतो. त्यासाठी पेटी साडेतीन फूट लांब आणि २ फूट रुंद करा. शिडीसारखी टेकवली, तर तिचा पाय भिंतीपासून पावणेदोन फुटांवर येतो आणि उतार जमिनीशी ६० अंशांचा होतो. साडेनऊच्या उन्हाला सामोरं जायला हाच उतार लागतो.

पाठीसाठी आणि मधल्या आडोशासाठी ६ मिलिमीटरचा प्लाय. बाजूंना ६ इंची फळ्या. भवानी पेठेत टिंबर मार्केटला तुकडे मिळतात. अ‍ॅल्युमिनियमची डासांची जाळी, दोन थर. ब्लॅकबोर्डचा काळा रंग, सिलिकॉन, स्टेपलर. पुढे काचेऐवजी मी पॉलिहाऊसचा २०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद लावला. तळेगाव-मावळ भागात फुलांची पॉलिहाऊस बरीच आहेत, ओळख असेल तर उरलेला तुकडा फुकट मिळतो. जुनी खिडकीची काच मिळाली तर तीही उत्तम, फक्त वजन सांभाळा. मला सगळं मिळून हजाराच्या आत पडलं.

जोडणी

फळ्यांची चौकट करा, वरचं टोक उघडं ठेवा, मागे प्लाय ठोका. प्लायच्या बाहेरून थर्माकोल चिकटवा. पेटीच्या आत, गरम बाजूला थर्माकोल अजिबात नको, तो उन्हाने आक्रसतो. मधला आडोसा चौकटीच्या मध्यावर बसवा, म्हणजे दोन्ही कप्पे अडीच-पावणेतीन इंचांचे होतील. खालच्या टोकाला आडोसा ३ इंच आखूड ठेवा, तिथूनच हवा वळणार आहे. वरच्या टोकाला मात्र तो खोलीत वीतभर पुढे येऊ द्या, नाहीतर गरम हवा बाहेर पडताक्षणी आडोशाखालच्या, म्हणजे मागच्या कप्प्याच्या तोंडातून पुन्हा आत ओढली जाते.

आता जाळी. दोन्ही थर काळे रंगवा आणि पुढच्या कप्प्यात तिरके ताणा: खालची कड आडोशाला, वरची कड कागदाच्या बाजूला. मी आधी उलट ताणली होती. फरक असा की या पद्धतीत गार हवा कागदाकडून येते, जाळीतून गाळल्यासारखी पलीकडे जाते आणि तापलेली हवा कागदापासून लांब राहते. उलट लावली तर गरम हवा कागदाला घासत वर जाते आणि ऊब बाहेर जाते.

कागद ताणून लाकडी पट्ट्यांखाली स्टेपल करा, सगळ्या फटी सिलिकॉनने बुजवा. मग पेटी दोन-तीन दिवस खोलीला न जोडता उन्हात ठेवा. ताज्या रंगाचा वास उन्हात उडून जाऊ दे.

बसवताना सरकती काच दोन फूट उघडा, पेटीचं तोंड कट्ट्यावर टेकवा आणि वरची उघडी जागा प्लायच्या पट्टीने व कापडाने बंद करा. पेटी ग्रिलला दोरीने बांधा. दोन्ही तोंडांना जाळी लावा, नाहीतर पाली आणि डास हाच रस्ता धरतील.

चाचणी उदबत्तीने. ऊन पडल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी उदबत्ती खालच्या तोंडाशी धरली की धूर आत ओढला गेला पाहिजे. वरच्या तोंडाशी धरली की खोलीकडे ढकलला गेला पाहिजे. धूर घुटमळला तर कुठेतरी फट आहे किंवा जाळी सैल पडून रस्ता अडला आहे. (अण्णा म्हणाले, इथे देव कुठाय?)

किती ऊब मिळेल? चांगल्या उन्हात दीडशे ते दोनशे वॅट, म्हणजे शंभरच्या दोन जुन्या पिवळ्या बल्बांइतकी. कॉइलच्या हीटरशी तुलना करू नका. हॉल तापणार नाही. दार लावलेली लहान खोली आणि पेटीच्या तोंडाजवळ खुर्ची असेल, तर पाठीला ऊब लागते, आणि आम्हाला तेवढीच हवी होती.

दुपारी साडेबारा-एकला पेटीवर जुनी चादर टाका. खोलीकडची तोंडं बंद करून पेटी उन्हात चादरीशिवाय ठेवू नका, आतला प्लाय नाहक भाजतो. दिवाळीनंतर अवकाळी पाऊस आला तर कडा पुन्हा तपासा. महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत गेली की पेटी सोडवायची, कागद काढून गुंडाळायचा, म्हणजे एप्रिल-मेच्या उन्हात तो चरचरत नाही. आमची चौकट पलंगाखाली जाते, आणि अण्णांची माकडटोपी तिच्यावर.