क्लाऊनफिशची जोडी आणण्याआधी

समुद्री शोभेचे मासे घरी वाढवायचे म्हणून जो कोणी विचारायला येतो, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "चांगली जोडी कुठं मिळेल?" माझंही उत्तर ठरलेलं आहे. जोडी नंतर बघू, आधी हिरवं पाणी धरा.

अंडी घालायचं काम मासे आपले आपण करतात. खरी परीक्षा अंडी फुटल्यावर सुरू होते. पिल्लू जेमतेम तीन-चार मिलिमीटरचं असतं. त्याच्या तोंडात मावेल असं जिवंत, हलतं अन्न त्याला लगेच लागतं. ते अन्न म्हणजे रोटिफर, मिलिमीटरचा दहावा ते चौथा हिस्सा एवढा प्राणी. रोटिफर जगतो सूक्ष्म शेवाळावर. म्हणजे क्रम असा: शेवाळ, मग रोटिफर, मग मासे. हा क्रम उलटा केला की पिल्लं दोन-तीन दिवसांत उपाशी मरतात, आणि डोळ्यांदेखत मरतात.

सुरुवात क्लाऊनफिशनेच करा, म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांच्या त्या छोट्या नारिंगी माशाने. समुद्रातले बहुतेक शोभेचे मासे बारीक अंडी पाण्यात सोडून देतात आणि त्यांच्या पिल्लांना रोटिफरसुद्धा मोठा पडतो. निळा टँग नावाचा असाच एक मासा बंदिस्त पाण्यात वाढवायला फ्लोरिडा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांना २०१६ साल उजाडलं. क्लाऊनफिश मात्र दगडाला चिकटवून अंडी घालतो, त्यांची राखण करतो आणि पिल्लं बाहेर येतात तीच पोहत, खायला तयार.

आता पाणी. मी मालवणजवळ राहते, त्यामुळे समुद्राचं पाणी वापरते. ते उधाणाला न भरता भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास), भरती पूर्ण आल्यावर भरावं. तेव्हा ओढ कमी असते आणि गाळ खाली बसलेला असतो. जून ते सप्टेंबर मात्र भरण्यात अर्थ नाही. नद्यांचं गोडं, गढूळ पाणी किनाऱ्याला येतं आणि खारटपणा घसरतो. मे महिन्यातच पिंपं भरून, झाकून, अंधारात ठेवावीत. ब्लीचिंग पावडर टाकून जंतू मारायचे, जोरात हवा सोडायची, उरलेलं क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने काढायचं आणि चाचणी करूनच पाणी टाकीत घ्यायचं. पुण्या-नाशिकच्या लोकांनी आरओच्या पाण्यात समुद्री मीठ मिसळावं. घरातलं मीठ चालत नाही. क्षार दर लिटरला ३३ ते ३५ ग्रॅम, तापमान २६ ते २८ अंश. टाकीतलं पाणी आटलं की वरून फक्त गोडं पाणी घालायचं, कारण उडून जातं ते पाणी, मीठ मागेच राहतं. टाकी मुरायला, म्हणजे माशांची घाण पचवणारे जीवाणू तिच्यात रुजायला, चार ते सहा आठवडे द्या. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय मासा सोडू नका.

एक गोष्ट कळकळीने सांगते. टाकी सजवायला दुकानातून प्रवाळ किंवा 'लाइव्ह रॉक' (जीव चिकटलेला समुद्रातला दगड) आणू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ पासून दगडी प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडेसुद्धा संरक्षित आहेत. क्लाऊनफिशला अंडी घालायला ना प्रवाळ लागतं, ना समुद्रफूल (सी अनेमोनी). मंगलोरी कौलाचा तुकडा किंवा आडवी ठेवलेली मातीची कुंडी त्याला पुरते.

टाकी मुरेपर्यंतचे आठवडे शेवाळावर घालवा. नॅनोक्लोरोप्सिस नावाच्या सूक्ष्म शेवाळाचं विरजण (बी-कल्चर) एखाद्या संशोधन केंद्रातून किंवा हॅचरीतून (मत्स्यबीज केंद्रातून) आणायचं. गाळलेलं, निर्जंतुक खारं पाणी पारदर्शक बाटल्यांत भरून ट्यूबलाइटखाली ठेवायचं, बारीक हवा सोडायची आणि शेवाळाचं खत घालायचं. मोठ्या पिंपांत अमोनियम सल्फेट, सुपर फॉस्फेट आणि युरियावरही काम भागतं. काही दिवसांत पाणी गर्द हिरवं होतं. त्यातलं थोडं रोज रोटिफरच्या बादलीत. रोटिफर मादी नराशिवायच वाढते, त्यामुळे बादली झपाट्याने भरते आणि दुर्लक्ष झालं तर तितक्याच झपाट्याने कोसळते. म्हणून दोन बादल्या, दोन वेगळ्या कोपऱ्यांत, दोघींची गाळणी आणि नळ्या वेगळ्या. यीस्टवर रोटिफर वाढवता येतो, पण पाणी लवकर सडतं. नवख्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं.

रोटिफर महिनाभर न कोसळता टिकला की जोडी आणा, आणि तीही हॅचरीत जन्मलेली. नर-मादी ओळखायची धडपड नको. क्लाऊनफिश आधी नर होतात. गटातला सगळ्यात मोठा मासा पुढे मादी होतो. एक मोठं, एक लहान अशी दोन पिल्लं एकत्र ठेवली की जोडी आपोआप जमते. लहान मासा मोठ्यापुढे अंग थरथरवायला लागला की जमलं म्हणायचं. पहिल्या अंड्यांसाठी वर्षभर किंवा त्याहून जास्त थांबावं लागतं. त्या काळात कोळंबी, तिसऱ्यांचं मांस, म्हाकूल (स्क्विड) असं बारीक चिरून, फिरवून फिरवून द्यायचं.

अंडी घालण्याआधी दोघं कौल तोंडाने साफ करतात. अंडी लांबुळकी, नारिंगी, एका टोकाने कौलावर उभी. नर छातीच्या परांनी त्यांना सतत वारा घालतो, मेलेली अंडी तोंडाने उचलून काढतो. दिवसागणिक रंग काळपट होतो आणि शेवटी प्रत्येक अंड्यात दोन चंदेरी डोळे चकाकताना दिसतात. सहाव्या ते आठव्या दिवशी, दिवे मालवल्यावर तास-दोन तासांत अंडी फुटतात. त्या संध्याकाळीच कौल पिल्लांच्या टाकीत हलवायचं, पाण्याबाहेर न काढता, भांड्यात बुडवलेलं. नराच्या वाऱ्याऐवजी शेजारी एअरस्टोनचे बुडबुडे सोडायचे. कौल हलवणं जमलं नाही तर टॉर्चच्या उजेडाकडे पिल्लं गोळा होतात, ती वाटीने पाण्यासकट उचलायची. जाळी अजिबात लावायची नाही.

पिल्लांच्या टाकीला चारी बाजूंनी काळा कागद, उजेड मंद, पाणी शेवाळाने हलकं हिरवं. दर मिलिलिटरला पाच ते दहा रोटिफर राहिले पाहिजेत. ड्रॉपरमध्ये एक मिलिलिटर घेऊन भिंगाखाली मोजायचे, सकाळी आणि संध्याकाळी. साधारण सहाव्या-सातव्या दिवसापासून आर्टेमियाची (कोळंबीसारख्या बारीक खाऱ्या पाण्यातल्या जीवाची) ताजी पिल्लं थोडी थोडी सुरू करायची, पण रोटिफर एकदम तोडायचा नाही. आर्टेमियाची टरफलं नीट वेगळी काढा, ती पोटात अडकतात. आठव्या ते पंधराव्या दिवसांदरम्यान पिल्लांचं रूप पालटतं: डोक्यामागे पहिला पांढरा पट्टा उमटतो आणि पिल्लं तळाजवळ उतरतात. इथवर आलेली पिल्लं बहुतेक जगतात. पावसात आमच्याकडे लाईट तासनतास जाते. त्यासाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी असावाच.

पैशाचं विचारणाऱ्यांना सांगते, पहिल्या वर्षी उत्पन्न धरू नका. पिल्लू विकण्याजोगं व्हायला सहा ते आठ महिने जातात. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मासे प्रकल्पाला खर्चाच्या ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदानाची तरतूद आहे. चौकशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात करायची. शिकायचं असेल तर तमिळनाडूत मंडपमचं केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं केंद्र आहे, त्यांनी क्लाऊनफिशच्या पैदाशीवर मोठं काम केलंय. आपल्याकडे ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही हॅचरी आहे. जमलं तर तिथं जाऊन रोटिफरच्या टाक्या कशा सांभाळतात ते बघा, आणि परत आल्यावर पहिल्या दोन बाटल्या ट्यूबलाइटखाली लावा.