पवनवीज ग्रिडला जोडताना या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव-शिरोलीचे कारखानदार असोत नाहीतर नुकतीच नोकरीला लागलेली डिप्लोमाची पोरं, पहिला प्रश्न ठरलेला: "युनिट कितीला पडतं?" पवनचक्कीच्या बुंध्याशी निघालेल्या दरावर ग्रिडचा खर्च ठरत नाही. पुढं लाइन, सबस्टेशन, राखीव वीज आणि चुकलेल्या शेड्यूलचा, म्हणजे किती वीज देणार हे आधी कळवलेल्या आकड्यांचा, भुर्दंड असतो. स्वस्त वीज महाग होते ती तिथं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे प्रोटेक्शनची सेटिंग, म्हणजे ग्रिड बिघडल्यावर टर्बाइननं कधी सुटायचं हे ठरवणारे आकडे, न वाचता स्वीकारणं. साउथ ऑस्ट्रेलियात २८ सप्टेंबर २०१६ ला वादळानं मोठ्या लाइनचे टॉवर पाडले. दोन मिनिटांत व्होल्टेज सहा वेळा कोसळलं. टर्बाइन सुटा डिप (व्होल्टेजची क्षणिक घसरण) झेलत होत्या, पण लागोपाठ किती डिप झेलायचे याची मर्यादा अनेकींच्या कंट्रोलरमध्ये भरलेली होती आणि ग्रिड चालवणाऱ्यांना तिचा पत्ता नव्हता. मर्यादा गाठली तशी सात सेकंदांच्या आत ४५६ मेगावॅट वीज गेली. तो सगळा भार शेजारच्या राज्यातून येणाऱ्या लाइनवर पडला, ती ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, आणि अख्खं राज्य अंधारात. पुढं त्या सेटिंग बदलून घेतल्या. हे काम आधीच करता आलं असतं.

आपल्याकडच्या नियमानुसार व्होल्टेज १५ टक्क्यांवर आलं तरी टर्बाइननं ३०० मिलिसेकंद तग धरायला हवा. "सर्टिफिकेट आहे ना" म्हणून पुढं जाऊ नका. एका मिनिटात किती डिप, अर्ध्या तासात किती, हे उत्पादकाकडून लेखी घ्या आणि तो कागद राज्याचा ग्रिड चालवणाऱ्या राज्य भार प्रेषण केंद्राला द्या. त्याशिवाय कमिशनिंगच्या (प्रकल्प चालू करण्याच्या) कागदावर सही करू नये, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी चूक: सगळ्यांच्या कमाल क्षमतेची बेरीज करून लाइन मागायची. साताऱ्याच्या वनकुसवडे-चाळकेवाडी पठारावर वारा जोरात असतो तो जून ते सप्टेंबर. आपल्या साखर कारखान्यांची सहवीज गळीत हंगामात, म्हणजे दिवाळीच्या आसपास सुरू होते. दोन्हींचा जोर एकाच वेळी येत नाही, तरी क्षमता बेरजेनं धरली जाते. वर्षभराचे तासागणिक आकडे शेजारी-शेजारी मांडा. सबस्टेशनमधल्या त्याच बेवर, म्हणजे जोडणीच्या जागेवर, सौर बसतं का बघा. वर्षातले मोजके तास चक्क्या थोड्या दाबून, म्हणजे कमी वीज काढून, चालवणं नव्या लाइनपेक्षा बहुतेकदा स्वस्त पडतं. घाई असलेल्यांना हे आकडे मांडायचा कंटाळा येतो आणि त्याचे पैसे ग्राहक भरतो.

वारा पडला की लागणाऱ्या राखीव विजेसाठी बॅटरीची कोटेशनं मागवण्याआधी कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पाकडं बघा. चौथ्या टप्प्यात २५० मेगावॅटचे ४ संच आहेत आणि ते काही मिनिटांत भार घेतात. वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडं वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे आणि ते वर्ष १ जूनला सुरू होतं. पावसाळ्यात वाऱ्यानं वाचवलेला कोटा एप्रिल-मेच्या संध्याकाळी कामी येतो.

शेड्यूलसाठी विजेचा अंदाज सरासरी वाऱ्यावर काढू नका. वीज वेगाच्या घनात वाढते: सेकंदाला ८ मीटरचे ९ झाले की सुमारे ४२ टक्के जास्त. शेड्यूल दिवसाच्या ९६ ब्लॉकचं असतं, प्रत्येक १५ मिनिटांचा. शेड्यूल बदलायची परवानगी असते त्या शेवटच्या वेळेपर्यंत अंदाज सुधारत राहा.

जुन्या इंडक्शन जनरेटरच्या चक्क्या ग्रिडमधून रिअॅक्टिव्ह पॉवर (काम न करणारी, पण चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारी वीज) ओढतात; ती जागेवरच पुरवायला कॅपॅसिटर बँक असते. वाऱ्याचा हंगाम जूनला सुरू होतो, म्हणून मे संपायच्या आत या बँकेचा एकेक फेज मोजून घ्या.