मसुरात मसूरकर शोधताना

आम्ही सांगलीचे मसूरकर. मूळ गाव कराड तालुक्यातलं मसूर, एवढंच आजीकडून ऐकलेलं. तहसीलमध्ये जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींसाठी (गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक) दोनदा अर्ज केला. हाती भोपळा. तिसऱ्या खेपेला रेकॉर्ड रूममधले काका हसले, "अहो, मसुरात मसूरकर कसा सापडेल? गाव सुटल्यावरच गावाचं नाव चिकटतं!"

एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

मग आडनाव सोडून पणजोबा आणि त्यांचे वडील अशी जोडी धरली. पानं जुन्या मोडी लिपीत, कडा कुरतडलेल्या. मोडी जाणणाऱ्या एका गुरुजींनी बोट ठेवून वाचलं: अमका बिन तमका, शिंदे. 'बिन' म्हणजे मुलगा, हेही तेव्हाच कळलं.

खात्री हवी म्हणून नाशिकला रामकुंडावर उपाध्यांकडे गेलो. तीर्थाला येऊन गेलेल्यांची नावं लिहिलेल्या त्यांच्या वह्या गाववार लावलेल्या, त्यामुळे आडनाव आडवं आलं नाही. मसूरच्या पानावर तीच दोन नावं, आणि खाली पणजोबांची वाकडी सही: हल्ली मुक्काम सांगली.

बाबांना फोटो पाठवला. म्हणाले, "बरं झालं. पण आधारवर मसूरकरच राहू दे, पुन्हा खेटे कोण घालणार?"