ऑसिलेटर, मॉड्युलेशन आणि प्रकाशाचे सेन्सर: या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी

इलेक्ट्रॉनिक्सच्या अभ्यासक्रमात ऑसिलेटर (ठरावीक फ्रिक्वेन्सीची लहर तयार करणारं सर्किट) एका सत्रात येतो, मॉड्युलेशन (लहरीवर माहिती चढवणं) पुढच्या सत्रात, आणि प्रकाशाचे सेन्सर जमलंच तर ऐच्छिक विषयात. नोकरीला लागलं की हे तिन्ही एकाच बोर्डावर समोर येतात. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर उघडून बघा. आत ६६० नॅनोमीटरचा लाल एलईडी आणि ९४० च्या आसपासचा इन्फ्रारेड एलईडी आळीपाळीने पेटतात. दोन्ही विझलेले असताना खोलीतला उजेड मोजून वजा केला जातो. प्रकाश टिपणारा फोटोडायोड एकच असतो, त्यामुळे कुठल्या क्षणी कुणाचा प्रकाश पडतोय हे फक्त घड्याळावरून, म्हणजे ऑसिलेटरवरून ठरतं.

मी अशाच उपकरणांच्या डिझाइनमध्ये काम करतो आणि त्याचाच भाग म्हणून पेटंट्स वाचतो. नव्याने येणाऱ्यांना माझा आग्रह असतो की हे तीन विषय एका साखळीसारखे शिका, आणि जुनी पेटंट्स नुसती वाचू नका, टेबलावर बांधा.

सुरुवात एचपी कंपनीचे सहसंस्थापक विल्यम ह्यूलेट यांच्या ऑसिलेटरपासून करा. अमेरिकेतलं २२,६८,८७२ क्रमांकाचं हे पेटंट ६ जानेवारी १९४२ रोजी मंजूर झालं. सर्किट इतकं छोटं आहे की एका संध्याकाळी ब्रेडबोर्डवर उभं राहतं. दोन रेझिस्टर आणि दोन कपॅसिटर यांचं वीन नेटवर्क एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला फेज, म्हणजे लहरीचा ताल, अजिबात सरकवत नाही आणि सिग्नल एक तृतीयांश करतं. १० किलोओहम आणि १० नॅनोफॅरड घेतले तर ही फ्रिक्वेन्सी साधारण १.५९ किलोहर्ट्झ येते. म्हणजे अँप्लिफायरचा गेन, सिग्नल किती पट मोठा होतो तो आकडा, बरोबर तीन हवा. थोडा कमी पडला तर दोलन विझतं, थोडा जास्त झाला तर साइन वेव्हचे माथे कापले जातात. आणि कुठलाही रेझिस्टर ‘बरोबर तीन’ कायम धरून ठेवत नाही.

ह्यूलेट यांनी गेन ठरवणाऱ्या फीडबॅकमध्ये, म्हणजे आउटपुटचा काही भाग इनपुटकडे परत नेणाऱ्या वाटेत, तारेचा बल्ब घातला. सिग्नल वाढला की तार तापते, तिचा रेझिस्टन्स वाढतो आणि गेन खाली येतो. सिग्नल घटला की उलट होतं. हे वाचून समजतं, पण पटतं ते स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) बघून. कमी करंटचा बल्ब घ्या आणि फीडबॅक रेझिस्टर त्याच्या गरम अवस्थेतल्या रेझिस्टन्सच्या दुप्पट ठेवा. फ्रिक्वेन्सीचा नॉब झटकन फिरवला की वेव्हची उंची काही क्षण वरखाली डोलते आणि मग स्थिरावते. तारेला तापायला आणि निवायला लागणारा वेळ तुम्हाला डोळ्यांनी दिसत असतो. आता फ्रिक्वेन्सी काही हर्ट्झपर्यंत खाली न्या. तार एकाच सायकलमध्ये तापू-निवू लागते आणि साइन वेव्हचा आकार बिघडतो. ज्या संथपणामुळे सर्किट चालतं, तोच त्याची खालची मर्यादाही ठरवतो. डिझाइनमधल्या तडजोडी समजून घ्यायला याहून चांगला धडा मला अजून सापडलेला नाही.

शोध म्हणजे काय, हेही याच पेटंटमधून नीट कळतं. माक्स वीन यांचा ब्रिज १८९१ चा. इंजिनिअर हॅरॉल्ड ब्लॅक यांना निगेटिव्ह फीडबॅकची (आउटपुटचा काही भाग उलटा करून इनपुटला देण्याची) कल्पना सुचली १९२७ मध्ये, हडसन नदीवरच्या फेरीबोटीत. ऑसिलेटर स्थिर ठेवायला बल्ब वापरणं बेल लॅब्जच्या मीचम यांनी १९३८ मध्ये क्रिस्टल ऑसिलेटरसाठी केलेलं होतं. तिन्ही भाग आधीच उपलब्ध होते. नवी होती ती जोडणी, आणि त्या जोडणीतून मिळालेला, सहज फ्रिक्वेन्सी बदलता येणारा, स्वच्छ आणि स्वस्त ऑडिओ ऑसिलेटर. त्यामुळे ‘यात नवं काय, हे सगळं तर आधीच माहीत होतं’ असं म्हणत पेटंट बाजूला ठेवू नका. भाग जुने असणं हरकतीचं नाही. ते तसे जोडणं त्या काळच्या जाणकाराला सहज सुचलं असतं का, हे तपासायचं असतं.

पेटंट पहिल्या पानापासून वाचायला घेतलं तर नवखा माणूस थकतो. आधी आकृत्या बघा आणि सर्किट स्वतःच्या हाताने पुन्हा काढा. मग थेट शेवटाकडे जाऊन पहिला स्वतंत्र क्लेम, म्हणजे नेमकं कशावर हक्क मागितलाय ते सांगणारं कलम, वाचा. त्यातला एकेक घटक आकृतीत कुठे आहे ते पेन्सिलीने खुणावा. वर्णन त्यानंतर. कायद्याचं संरक्षण क्लेमना असतं, वर्णनाला नाही. वर्णनात लेखक मोठमोठ्या शक्यता मांडतो आणि क्लेममध्ये मोजकंच मागतो. शोधताना शब्दांवर विसंबू नका, वर्गीकरणाचे कोड वापरा: दोलन निर्माण करणं ‘एच०३बी’, मॉड्युलेशन ‘एच०३सी’, डिमॉड्युलेशन ‘एच०३डी’, ऑसिलेटरचं नियंत्रण आणि फेज लॉक ‘एच०३एल’, प्रकाशाची तीव्रता आणि वर्णपट मोजणं ‘जी०१जे’. कोड टाइप करताना ते रोमन लिपीत टाकावे लागतात. पेटंट शोधायच्या एस्पेसनेट आणि गूगल पेटंट्स या साइट्स दोन्ही विनामूल्य आहेत. संरक्षण साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचं असतं, त्यामुळे मी सांगतोय ती जुनी सर्किटं निर्धास्त बांधा.

मॉड्युलेशनबद्दल थोडक्यात. पुस्तकातली एएम-एफएमची (लहरीची उंची किंवा फ्रिक्वेन्सी बदलून माहिती पाठवण्याची) गणितं कराच, पण इंजिनिअर एडविन आर्मस्ट्राँग यांची कथाही समजून घ्या. १९२२ मध्ये जॉन कार्सन यांनी गणिताने दाखवलं की एफएम वापरून बँडविड्थ वाचत नाही. गणित बरोबर होतं. आर्मस्ट्राँग यांनी उलट वाट धरली: बँडविड्थ मुद्दाम जास्त खर्च करायची आणि त्या बदल्यात नॉइज दाबायचा. त्यांची एफएमची पेटंट्स डिसेंबर १९३३ मध्ये मंजूर झाली. आजही एफएम स्टेशनला ७५ किलोहर्ट्झचं डेव्हिएशन (फ्रिक्वेन्सी दोन्ही बाजूंना सरकते ते अंतर) आणि १५ किलोहर्ट्झचा ऑडिओ धरून १८० किलोहर्ट्झ लागतात, आणि हा हिशोब ज्या नियमाने करतात त्याला कार्सन यांचंच नाव आहे.

आता प्रकाश, जिथे नवे लोक सर्वात जास्त अडतात. फोटोडायोडचा करंट व्होल्टेजमध्ये बदलणारं ट्रान्सइम्पिडन्स सर्किट कागदावर अगदी सोपं आहे: एक ऑप-अँप आणि एक रेझिस्टर. १ मेगाओहम लावला तर १ मायक्रोअँपिअरला १ व्होल्ट. प्रत्यक्षात ते बांधलं की बरेचदा आपोआप दोलायला लागतं. फोटोडायोडची स्वतःची कपॅसिटन्स आणि तो मोठा रेझिस्टर मिळून लूपमध्ये फेज मागे ओढतात, ऑप-अँप आपली भर घालतो, आणि बार्कहाउझेनची अट (लूपमधून फिरून सिग्नल त्याच तालात आणि न घटता परत आला की दोलन) नको तिथे पूर्ण होऊ लागते. उपाय म्हणजे त्या रेझिस्टरला समांतर काही पिकोफॅरडचा कपॅसिटर. ज्यांनी वरचा वीन नेटवर्कचा ऑसिलेटर बांधलेला असतो त्यांना हे लगेच उमगतं. मुलाखतीत मी हाच कपॅसिटर दाखवून ‘हा इथे कशाला?’ असं विचारतो. उत्तरावरून माणूस टेबलावर बसलेला आहे की नाही ते कळतं.

त्यापुढचा प्रयोग मी प्रत्येक शिकाऊला करायला लावतो. ऑसिलेटरने एलईडी चालू-बंद करा आणि फोटोडायोड हातभर लांब ठेवा. खोलीतले दिवे चालूच असू द्या. स्कोपवर दिव्यांची लहर दिसेल, मेन्सच्या (घरातल्या विजेच्या) दुप्पट फ्रिक्वेन्सीची. तुमचा सिग्नल तिच्यात बुडालेला असेल. आता फोटोडायोडचं आउटपुट सीडी४०५३ सारख्या अॅनालॉग स्विचमधून न्या, एलईडीच्याच तालावर एकदा सरळ आणि एकदा उलटं. पुढे आरसी फिल्टर आणि मल्टिमीटर. किरणात हात घातला की आकडा पडतो. दिवे विझवले तरी तो जागचा हलत नाही. हाच लॉक-इन अँप्लिफायरचा, म्हणजे नॉइजमध्ये बुडालेला सिग्नल त्याच्या तालावरून उचलणाऱ्या उपकरणाचा, गाभा. फिल्टरचा टाइम कॉन्स्टंट १ सेकंद असेल तर नॉइजला शिरायला फक्त पाव हर्ट्झची फट उरते.

इथे तीन गोष्टी सांभाळा. मेन्स ५० हर्ट्झची असेल तर १००० हर्ट्झ वापरू नका, तो दिव्यांच्या लहरीचा गुणक आहे, १०२५ घ्या. खोलीच्या उजेडाने पहिलाच अँप्लिफायर सॅच्युरेट झाला, म्हणजे कमाल व्होल्टेजला अडकला, तर पुढे काहीही वाचत नाही, तेव्हा रेझिस्टर आधी कमी ठेवा. आणि सिग्नल व रेफरन्स (स्विचला दिलेला एलईडीचा ताल) यांच्यात ९० अंशांचा फरक पडला तर चांगला सिग्नल असूनही आकडा शून्य येतो, म्हणून फेज तपासल्याशिवाय ‘सिग्नल नाही’ असं म्हणू नका.

टीव्हीच्या रिमोटमध्येही हीच युक्ती आहे. ४५५ किलोहर्ट्झचे सिरॅमिक रेझोनेटर सहज मिळायचे; त्याला १२ ने भागलं की साधारण ३८ किलोहर्ट्झ येतात, आणि रिसीव्हर तेवढीच फ्रिक्वेन्सी उचलतो.

कामाच्या वाटा अनेक आहेत: सेन्सरचं अॅनालॉग डिझाइन, टायमिंग आणि क्लॉक, लायडार (लेझरने अंतर मोजणं), वैद्यकीय उपकरणं, पेटंट विश्लेषण. पहिल्या चारही वाटांवर नॉइजचं गणित पक्कं लागतं. १ किलोओहमचा रेझिस्टर खोलीच्या तापमानाला दर रूट हर्ट्झला सुमारे ४ नॅनोव्होल्ट नॉइज देतो, एवढा एक आकडा डोक्यात असला तरी अर्ध्या डेटाशीट्स वेगळ्या दिसू लागतात. पेटंट विश्लेषणात भाषा आणि चिकाटी जास्त लागते, पण सर्किट हाताने केलेलं असेल तर तुमच्या अहवालाला वजन येतं.

स्वतःचं काही नवं जुळून आलं तर ते कुठेही मांडण्याआधी पेटंटच्या जाणकाराशी बोला. अमेरिकेत प्रसिद्धीनंतर १२ महिन्यांची सवलत मिळते, पण युरोपात अर्जाआधी जाहीर केलेला शोध साधारणपणे नवा धरला जात नाही. वहीत तारीख, सर्किट, घटकांच्या किमती म्हणजे व्हॅल्यूज, आणि स्कोपचा फोटो ज्या दिवशीचा त्याच दिवशी नोंदवा.