जुनी झिनफँडेल: टिकली की शिजली?

सोलापुरात जुनी वाइन चाखताना तिचं वय विचारण्याआधी तिने उन्हाळे कुठे काढले ते विचारावं. साठवणीला १२ ते १५ अंश तापमान लागतं आणि इथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. स्लॅबखालच्या माळ्यावर एकच उन्हाळा काढलेली बाटली, गारव्यात पाच वर्षं राहिलेल्या बाटलीपेक्षा थकलेली निघू शकते. झिनफँडेल या काळ्या द्राक्षाची लाल वाइन मुळात फार टिकाऊ नाही. बहुतेक बाटल्या ३ ते ५ वर्षांत संपवाव्यात. कॅलिफोर्नियातल्या ड्राय क्रीक व्हॅलीसारख्या भागातल्या जुन्या वेलींच्या उत्तम वाइन १० वर्षं किंवा त्याहून जास्त टिकतात. गुलाबी झिनफँडेल मात्र जपून ठेवूच नये.

आधी बाटली बघा. बूच वर आलेलं असेल किंवा मानेवर चिकट ओघळ असेल, तर उष्णतेने वाइन फुगून बाहेर आली आहे आणि गार होताना हवा आत शिरली आहे. वाइनची पातळी खांद्याच्या खाली असेल तर फार आशा धरू नका.

बाटली एक दिवस उभी ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसतो. प्यायची ती १६ ते १८ अंशांवर. घरातलं तापमान ३२-३५ असेल तर बाटली उभीच दीड-दोन तास फ्रीजमध्ये ठेवा. गरम वाइनमध्ये अल्कोहोल नाकात चढतं, आणि झिनफँडेलमध्ये ते बऱ्याचदा १४.५ ते १६ टक्के असतं. जुनं बूच ठिसूळ होतं, त्यामुळे स्क्रूपेक्षा दोन पात्यांचा ओपनर बरा. तरीही तुटलंच, तर तुकडा आत ढकलून वाइन स्वच्छ मलमलीतून गाळा.

मोठ्या ग्लासात ६० मिली ओतून पांढऱ्या कागदावर तिरका धरा. कडेला विटकरी रंग असणं वयाला शोभतं. मधला भागही तपकिरी आणि निस्तेज असेल तर हवेने काम केलं आहे.

ग्लास न हलवता पहिला वास घ्या. खरी गफलत इथे होते. बेदाण्याचा वास आला की वाइन शिजली, म्हणजे उष्णतेने बिघडली, असं आपल्या द्राक्षपट्ट्यात पटकन म्हटलं जातं. पण झिनफँडेलचा घड एकसारखा पिकत नाही. एकाच घडात हिरवे, पिकलेले आणि सुकलेले मणी असतात. त्यामुळे ताज्या वाइनलाही बेदाण्याची छटा असते. बेदाण्यासोबत मिरी, सुकं अंजीर, चामडं, तंबाखू असं काही मिळत असेल तर वाइन छान पिकली आहे. नुसताच आटवलेल्या मुरंब्याचा, करपट साखरेचा वास येत असेल तर ती शिजली. ओल्या पुठ्ठ्याचा वास बुचाच्या दोषाचा, तो हवेने जात नाही. बंद बाटलीचा कोंदट वास मात्र १०-१५ मिनिटांत निघून जातो.

आता घोट घ्या, तोंडभर फिरवा, थुंका. टॅनिन, म्हणजे वाइनमधला तुरटपणा, बेताचंच असल्याने फळाची चव ओसरली की आधाराला फारसं काही उरत नाही आणि अल्कोहोलची जळजळ एकटी पुढे येते. उतार लागल्याची हीच सर्वांत भरवशाची खूण. फळाची चव कमी असली तरी आंबटपणा जिवंत आणि चव थुंकल्यावर बराच वेळ रेंगाळत असेल, तर वाइन टिकली म्हणायची. दोन घोटांमध्ये पाणी आणि कडक भाकरीचा कोरा तुकडा घ्या. शेंगा चटणी चाखणं संपल्यावरच, कारण तिखटाने अल्कोहोलची जळजळ दुप्पट वाटते.

जुनी झिनफँडेल तासन्‌तास उघडी ठेवू नका. ओतल्याबरोबर, मग १५, ३० आणि ६० मिनिटांनी चाखून दर वेळी दोन शब्द लिहा. अर्ध्या तासातच ती मलूल झाली तर त्याच पेटीतल्या बाकीच्या बाटल्या पुढच्या उन्हाळ्याआधी उघडा. तासाभरात खुलत गेली तर त्यांना आणखी एक-दोन वर्षं द्यायला हरकत नाही, पण वाइन कूलरमध्येच.